नागपूरचा माणूस

सोजराबाईनं सकाळपासून तिसऱ्यांदा अंगण झाडायला घेतलं, तेव्हा विमलला हसू आवरेना.

"आई, तो माणूस मले पाह्याले येऊन राह्यला. अंगणाले नाही."

"तू गप बस. आन् त्यानं इचारलं, तर समदं बेस हाय म्हणजो. नाहीतर परत नेतीन तुले."

"काऊन? खरं सांगतलं तर खातीन काय मले?"

सोजराबाईनं डोळे वटारले, पण मनातून तिला बरं वाटलं. दीड वर्षापूर्वी हीच पोरगी भिंतीकडे तोंड करून बसायची. महिना महिना तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. नागपूरच्या दवाखान्यात सहा महिने काढून ती घरी आली आणि हळूहळू उलट उत्तरं द्यायला लागली. सोजराबाईचं माप तेच होतं. पोरगी भांडली, की त्या दिवशी आईला दोन घास जास्त जायचे.

दवाखान्याचं माप मात्र वेगळं असणार. पंधरा दिवसांपूर्वी पत्र आलं होतं, त्यावर महाराष्ट्र शासनाचा नवा शिक्का. शाळेतल्या मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवलं. उपचार घेऊन घरी गेलेली पंचविशीच्या आतली मुलं-मुली कितपत बरी राहिली, याची पाहणी चालली होती. दिवाळीच्या आत कुणीतरी जानेफळला येऊन विमलला पाहून जाणार होतं. तोवर स्थळाचं नावही काढू नको, असं सोजराबाईनं अमडापूरच्या भावाला बजावलं होतं. भाऊ "हाव" म्हणाला होता. तो सगळ्यालाच हाव म्हणतो.

दहाच्या मोटारीनं दोन माणसं उतरली आणि विचारत विचारत दारात आली. एक कोट-टोपीतला पन्नाशीचा माणूस आणि सोबत पांढरं पातळ नेसलेली बाई. सोजराबाईनं केरसुणी दाराआड टाकली. म्हणजे नर्सबाईही आणली!

"विमल इथंच राह्यते नं? पाह्याले आलो," माणूस म्हणाला. "पत्र भेटलं असंन."

"भेटलं जी. बसा."

नागपूरचा साहेब आपल्यासारखंच बोलतो, याचं तिला नवल वाटलं. विमलचा बाप मेथीची गाडी घेऊन मेहकरच्या बाजारात गेला होता. असल्या वेळी तो नेमका बाजारातच असायचा.

विमल पाणी घेऊन आली. बाईनं तिचं नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मग पिशवीतून सुई-दोरा काढून तिच्या हातात दिला. हात थरथरतो का ते पाहत असणार, सोजराबाईनं ओळखलं. गोळ्यांनी मध्यंतरी फार थरथरायचा. विमलनं पहिल्याच फटक्यात दोरा ओवला. माणसानं वर्तमानपत्र पुढं केलं, तेही तिनं घडाघडा वाचलं. एकदाच अडखळली, तीही कुठल्याशा मंत्र्याच्या लांबलचक नावापाशी. सोजराबाईचा जीव जरा भांड्यात पडला.

"राग येते काय पोरीले?" बाईनं विचारलं.

"नाही जी! गाय हाय गाय," सोजराबाई घाईघाईनं म्हणाली. "झोप बेस, भूक बेस. समदं बेस हाय."

विमलनं आईकडे पाहिलं.

"येते राग," ती म्हणाली. "आन् समदं बेस नाही. सांगू काय?"

"सांग," माणूस म्हणाला.

"नागपूरहून आल्याले वर्ष झालं. गोळ्या बंद होऊन सात महिने झाले."

"कायच्या गोळ्या?"

"डोक्याच्या. येड्याच्या दवाखान्यातल्या. आता झोप येते, वावरात निंदाले जातो, बाजारात भाजी इकतो. पण महिन्यातून दोन-तीन दिवस मन जड होते. उठूच वाटत नाही."

माणूस आणि बाई एकमेकांकडे पाहत राहिले. झालं, सोजराबाईच्या मनात आलं. पोरीनं आपल्या हातानं सगळं घालवलं.

"मंग त्या दिवशी काय करतं तू?" बाईनं हळूच विचारलं.

"आईले सांगतो. आंधी सांगत नव्हतो, म्हणून तर एवढं झालं. आता सांगतो. मंग ती दिवसभर बडबड करते, मी आयकतो. तिसऱ्या दिवशी तिच्यासंगं भांडाले लागलो, का समजा निघालो त्याच्यातून."

दोघं उठले आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन कुजबुजत उभे राहिले. बराच वेळ झाला. सोजराबाई चुलीपुढं बसली, पण चहात साखर टाकली की नाही हेच तिला आठवेना. पोरीचा राग येत होता आणि तिचा अभिमानही वाटत होता. इतकं नीट, इतकं धड बोलणारी लेक पुन्हा दवाखान्याच्या त्या उंच भिंतीआड जाणार, या विचारानं तिला रडू कोसळलं.

माणूस परत आला. त्याचा आवाज आता निराळा होता.

"बाई, या महिन्यात आम्ही अकरा घरं पाह्यली. अकराही घरी समदं बेस. खरं बोलणारं माणूस इथंच भेटलं."

"म्हंजे... नेता काय जी तिले?" सोजराबाईनं कसंबसं विचारलं.

"न्याचीच हाय," तो म्हणाला. "पण अशी नाही. माह्या या बहिणीलेही पोरगी पसंत हाय; आमी येतो म्हणून पत्र धाडलं त्या तुमच्या अमडापूरच्या भावाले तसं कळवतो. तुळशीचं लगन लागलं का वाजतगाजत येतो, माह्या पोराले, इंद्रभानले, बाशिंग बांधून."