लिनोची पहिली चाळ

बाळकुमच्या लिनोने तेविसाव्या वर्षी वाट्याचं शेत विकलं आणि ठाणे स्टेशनाजवळ चार खोल्यांची चाळ बांधली. “चाळीला नांगर लागत नाही,” तो म्हणायचा. पण भाडेकरू मिळेना. आई एमिलिया आणि बायको सुझाना, दोघी त्याच्या उतरलेल्या तोंडाकडे बघत दिवस काढायच्या. त्या साली मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, पसरला. माणसं गाठोडी घेऊन ठाण्यात उतरू लागली आणि आठवड्यात चाळ भरली, तीही दुप्पट भाड्याने.

“अरे लिनो, रोग येईल रे त्यांच्यासंगं,” आई म्हणाली.

“आजारी नाहीत गं ती. नुसती घाबरलेली आहेत.”

तिसऱ्या खोलीतलं पोर तापाने फणफणलं, तसे बाकीचे भाडेकरू पळाले. पोरासाठी पेज घेऊन गेली ती लिनोची आईच. पोर वाचलं नाही. मागोमाग आई गेली आणि तिचं करता करता सुझानाही गेली.

महिन्याने मुंबईचा एक माणूस बायकोपोरांसह दारात आला.

“खोली रिकामी आहे का हो?”

“चारही आहेत,” लिनो म्हणाला. “आणि माझं घरपण.”