उतारावर लावायची गाडी

“स्टार्टर गेलाय हिचा,” गॅरेजवाला म्हणाला. “आणि नवा मिळायचा नाही. कंपनीच बुडाली, आता स्पेअर कुठून आणणार? म्हणून तर इतक्या स्वस्तात देतोय, ताई.”

गाडी छोटीशी, आणि रूप असं की फुकट दिली तरी माणूस विचार करील. दोन दारांना दोन वेगळे निळे रंग. आतला आरसा गायब. पण घेणारीला चारचौघांत मिरवायचं नव्हतं. तिला फक्त निघायचं होतं.

“मग चालू कशी करायची?”

“उतारावर लावायची, तोंड खाली करून. चावी फिरवा, क्लच दाबा, दुसरा गिअर टाका आणि हँडब्रेक सोडा. गाडी चांगली पळायला लागली की मगच क्लच सोडायचा. घाई केलीत की बसली. आणि इंजिन तापेपर्यंत मध्ये थांबायचं नाही. थांबलात की बंद पडणार, मग बसा ढकलायला माणूस शोधत.”

तिने मान डोलावली. लग्नाआधी ती वडिलांची गाडी चालवायची. त्यानंतर स्टिअरिंगला हात लागला नव्हता, पण ते तिने गॅरेजवाल्याला सांगितलं नाही. आईने दिलेली साखळी विकून आणलेले पैसे तिने त्याच्या हातावर ठेवले.

बसने जाता आलं असतं तर हा उपद्व्याप कशाला केला असता? पण नवरा बस डेपोत रात्रपाळीचा सुपरवायझर. एकूण एक ड्रायव्हर, कंडक्टर त्याच्या ओळखीचा. ती बसमध्ये चढायचा अवकाश, त्याचा फोन वाजलाच म्हणून समजा.

आज सुधारेल, उद्या सुधारेल म्हणत तिने त्याचा मार वर्षानुवर्षं खाल्ला होता. पण मागच्या आठवड्यात छकुलीच्या हातून पाण्याचा ग्लास सांडला आणि त्याचा हात लेकीवर उठला. त्या क्षणी तिच्या आत काहीतरी तुटलं ते तुटलंच. पुन्हा असं झालं, तर आपण जिवंत राहून उपयोग काय, असं तिला वाटत होतं.

अडचण नवऱ्याची नव्हती. रात्रपाळी करून आला की दुपारी तो मेल्यासारखा झोपायचा. अडचण होती सासूबाईंची. दारातच त्यांची खुर्ची. नुकत्याच त्या बाथरूममध्ये घसरल्या होत्या म्हणे, मनगटाला पट्टी होती. हल्ली त्या घसरायच्याही फार. तेव्हापासून तर खुर्ची सोडायचं नाव नाही. पोराविरुद्ध त्यांच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नव्हतं. तो सुनेवर हात टाकायला लागला की त्या स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडायच्या, मोठ्ठा.

आणि चौकशा तर विचारू नका.

“कुठे गेली होतीस?”

“दुकानात, आई.”

“हाताला पेट्रोलचा वास येतोय तुझ्या.”

तिने हात पदराला पुसले. दुसऱ्या दिवशी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “गल्लीच्या टोकाला, उतारावर, एक निळी गाडी उभी आहे दोन दिवस. कुणाची गं?”

“मला काय ठाऊक?”

“छकुलीचे बूट का धुतलेस? शाळेला तर सुट्टी आहे.”

म्हातारीला सुगावा लागला होता. आता मुलाच्या कानावर घालायला तिला कितीसा वेळ लागणार? उद्यापर्यंत थांबण्यात अर्थच नव्हता.

त्या दुपारी नवरा घोरत होता. तिने दाराकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी. सासूबाई त्यांच्या खोलीत, दार लोटलेलं. असं कधी होत नसे. नशीबच म्हणायचं! पलंगाखालची बॅग ओढून तिने एका हातात घेतली, दुसऱ्या हातात छकुलीचं बोट, आणि चपला न घालताच ती बाहेर पडली.

छकुलीला मागच्या सीटवर बसवून तिने चावी फिरवली. क्लच, दुसरा गिअर, हँडब्रेक. गाडी सरकली. पण घाईत तिने क्लच वेळेआधीच सोडला. गाडीने गचका खाल्ला, तशीच बंद अवस्थेत घरंगळत खाली गेली आणि सपाटीवर येऊन थांबली.

तिने उगाचच पुन्हा चावी फिरवली. टक्. नुसतंच टक्.

“आई,” छकुली खिडकीतून मागे वाकून म्हणाली, “आजी येतेय.”

संपलं. तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आता आरडाओरडा होणार, तो जागा होणार, आणि मग पोरीसमोरच... तिला मागे वळून बघायचाही धीर होईना.

तेवढ्यात गाडी हलली.

“क्लच दाब!” मागून सासूबाईंचा धापा टाकणारा आवाज आला. “पुढे बघ तू! मी ढकलते!”

तिला आपल्या कानांवर विश्वास बसेना. पण पायाने ऐकलं. गाडी एक एक वीत करत पुढे सरकू लागली, मग जरा वेग आला. या वेळी तिने दातओठ खाऊन वाट पाहिली आणि मगच क्लच सोडला. इंजिन खोकलं, थरथरलं आणि धडधडायला लागलं.

त्याच वेळी गल्लीच्या वरच्या टोकाकडून त्याची हाक आली. नुसती हाक नव्हे, शिवी. तिने ॲक्सिलरेटर दाबला. आता थांबायचं नाही, काही झालं तरी थांबायचं नाही. जिला आपण इतकी वर्षं पहारेकरी समजलो तिनेच आपल्याला सोडवलं. तिचे डोळे भरून आले.

“छकुली, आजीला टाटा कर,” ती कशीबशी म्हणाली.

छकुली मागच्या काचेला नाक लावून गुडघ्यांवर बसली होती. तिने हात हलवला नाही.

“आई, थांब ना! आजीपण बॅग घेऊन आलीय.”