कुलपाबाहेरचा ललत

साडेपाच वाजून गेले तरी सभागृहाला कुलूप होतं, आणि किल्लीवाला पहारेकरी घरी घोरत होता. चाळीस वर्षं संध्याकाळच्या मैफलींत यमन गाणाऱ्या इंदिराबाईंना आज पहिल्यांदाच पहाटेची मैफल मिळाली होती. त्यांना ललत गायचा होता, आणि ललत म्हणजे सूर्योदयाआधीचा राग.

“बाई, पंधरा मिनिटं धीर धरा,” संयोजक परचुरे हार सावरत म्हणाले.

“मी धरेन हो. सूर्य धरेल का, तेवढं विचारून या.”

परचुऱ्यांनी खरोखरच पूर्वेकडे पाहिलं. तिकडे फटफटायला लागलं होतं. बाईंनी चपला काढल्या, पायरीवरच बसकण मारली आणि तानपुरा खांद्याशी घेतला. शाली लपेटलेले तीसेक रसिक मुकाट्याने फुटपाथवर बसले.

ललत असा लागला, की डॉक्टरांच्या धाकाने फिरायला निघालेले म्हातारेसुद्धा जागच्या जागी थांबले. दूधवाल्याने स्कूटर बंद केली.

शेवटच्या षड्जाला समोरच्या गच्चीवर सूर्य आला, आणि गल्लीतून पहारेकरी धावत. “उघडतो, बाई, उघडतो!”

“राहू दे रे,” चेहऱ्यावर ऊन घेत बाई म्हणाल्या. “आता भैरव, सूर्योदयाचा राग. त्याला छप्पर कशाला? बस तूही.”