तात्पुरती स्थगिती

डोंगरात हरवलेल्यांना शोधणाऱ्या आमच्या पथकाला वॉकीटॉकीचा परवाना हवा होता. "रेडिओ लहरींची फेरवाटणी चालू आहे, ताई. तोवर नवे अर्ज बंद. तात्पुरतं आहे," असं दूरसंचार खात्याचे साहेब मला दोन वर्षं सांगत होते.

गेल्या रविवारी तेच साहेब फिरायला आले आणि दाट धुक्यात वाट चुकले. बेंबीच्या देठापासून हाका मारत आम्ही अकरा जणांनी अख्खा डोंगर पालथा घातला. पाच तासांनी ते एका कपारीत काकडलेले सापडले, तेव्हा आमचे घसे पार बसले होते. मी त्यांना ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, घोटभर गरम पाणी पाजलं.

माझं मनगट धरून ते म्हणाले, "ताई, खरं सांगा, विनापरवाना वॉकीटॉकी तर नाही ना वापरले?"