चिंचेच्या बागेच्या बदल्यात

"इथे 'अविवाहित'वर खूण कर," विचियन हळूच म्हणाला.

लम्दुअनने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "खोटं कसं लिहू? सरकारी कागद आहे."

"विवाहित लिहिलंस की नवऱ्याची, म्हणजे माझी, लेखी संमती आण, तिच्यावर शिक्का आण, सतरा कागद मागतील. दुपारी तू एकटीच होणार आहेस ना? दोन तासांनी काय बिघडतंय?"

तिने खूण केली. ओळखपत्रावर अजून वडिलांचंच आडनाव होतं. ते बदलायला खेपा कोण घालणार, म्हणून राहूनच गेलं होतं. जमीन कचेरीतल्या माणसाने कार्ड पाहिलं, कागद पाहिला आणि शिक्का मारला.

घर आणि मागची चिंचेची बाग विचियनच्या नावावर झाली. कागदावर विक्री, हातात छदाम नाही.

त्यांच्या भागात घर धाकट्या मुलीकडे जातं आणि जावई सासरी राहायला येतो. ही जमीन आजीकडून आईकडे, आईकडून लम्दुअनकडे आली होती. पुढे ती मुलीची, नामवानची झाली असती. नामवान सात वर्षांची. तिच्या वाट्याची जमीन आईने आज दिली होती, आणि तिच्यासाठीच दिली होती.

विचियनचा आवाज कधी चढत नसे. बँकॉकहून आल्यावर जेवताना त्याने शांतपणे सांगितलं होतं, "कोर्टात न्यायाधीश पगार बघतात. मी कारखान्यात सुपरवायझर, तू बाजारात कच्च्या पपईची कोशिंबीर कुटून विकतेस. पोरगी कुणाला देतील, तूच सांग. मला भांडायचं नाही. बाग माझ्या नावावर कर. घटस्फोटाच्या कागदात मी लिहून देतो, नामवान आईकडेच राहील."

तीन दिवस लम्दुअनने उत्तर टाळलं. चौथ्या दिवशी ती हो म्हणाली.

घटस्फोटाला साक्षीदार म्हणून बुनमा मावशी बरोबर होती. तालुका कचेरीपर्यंत गाडीत तिचं तोंड बंद नव्हतं. "एखादा वकील तरी गाठायचा होतास, पोरी."

"वकील बाग खाईल आणि पोरगीही घालवेल, मावशी," विचियन हसून म्हणाला.

"आणि तू काय उपास धरलायस?"

तो पुन्हा हसला. रागावणं त्याला माहीतच नव्हतं.

कचेरीच्या दारात मावशीने विचारलं, "दुसरा साक्षीदार कुठाय? दोन लागतात ना?"

"माझा चुलतभाऊ. चौकात उभा असेल, घेऊन येतो. तुम्ही नंबर घ्या." बागेचा कागद खिशात नीट घालून तो गाडीकडे गेला.

लम्दुअन बाकावर मनगट चोळत बसली. नऊ वर्षांपूर्वी लग्नात याच मनगटावर अख्ख्या गावाने पांढरे दोरे बांधले होते, पार कोपरापर्यंत. भिक्षूंनी पाणी शिंपडलं होतं. विचियनच्या काकांनी एका कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या होत्या, नोंदणीचं मी बघतो म्हणाले होते. एवढ्या हातांनी बांधलेलं लग्न आता एका टेबलावर सुटणार, याचं तिला फार वाईट वाटत होतं. पण नामवान तर राहील, असं ती मनाला पुन्हा पुन्हा सांगत होती.

नंबर पुकारला गेला तरी विचियन परतला नव्हता.

"लग्नाचा दाखला?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"ह्यांच्याकडे आहे. बँकॉकच्या खोलीवर."

"हरकत नाही, संगणकात सापडेल." बाईंनी नाव घातलं. मग विचियनचं घातलं. कार्डावरचे आकडे पुन्हा एकदा तपासून घातले.

"ताई, तुमच्या लग्नाची नोंदच नाही. कुठल्याच तालुक्यात नाही. कायद्याने तुम्ही अविवाहित आहात. घटस्फोट कसला करू?"

"नोंद नाही म्हणजे?" मावशी उसळली. "दोन डुकरं कापली होती! अख्खं गाव जेवलं!"

"जेवणाची नोंद आम्ही ठेवत नाही, आजी."

मावशी फोन लावत राहिली. विचियन उचलत नव्हता. लम्दुअनला मात्र एकच दिसत होतं. घटस्फोट नाही, म्हणजे कागद नाही. कागद नाही, म्हणजे पोरगी गेली. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

"मग माझ्या मुलीचं काय? ते लिहून देणार होते, ती माझ्याकडे राहील म्हणून. मी बाग दिलीय त्याच्या बदल्यात. तुमच्या पाया पडते, बाकी काही नको, तेवढं एक लिहून घ्या."

बाईंनी नामवानची जन्मनोंद उघडली. ती वाचून झाल्यावर त्या आवाज खाली आणून म्हणाल्या,

"ते काय लिहून देणार? लग्नाची नोंद नसेल तर मूल कायद्याने फक्त आईचं. तुमची मुलगी जन्मल्या दिवसापासून तुमची एकटीचीच आहे, ताई."