माहेरचं विरजण

डेअरीच्या प्रयोगशाळेत वृंदाने काचेची बंद बशी खिडकीच्या उजेडात धरली आणि ती बघतच राहिली. डेअरीच्या पनीरमध्ये दोनदा घातक जंतू सापडले होते. तिसऱ्यांदा सापडले तर डेअरीला कुलूपच लागणार होतं. बशीभर तिने तेच जंतू वाढवले होते आणि मधोमध विरजणाचा एक थेंब सोडला होता.

विरजण होतं दुधाचे कॅन धुणाऱ्या गजराबाईंचं. त्यांचा दहीभात भर उन्हाळ्यातही डब्यात नासत नसे, म्हणून तिने परवा संध्याकाळी मागितलं होतं. "तिन्हीसांजंला इरजण देत न्हाईत, बाई," असं म्हणून त्यांनी तेव्हा साफ नकार दिला आणि काल सकाळी स्वतःहून वाटी आणून दिली.

वृंदाने त्यांना हाक मारली. बशीत जंतूंची दाट साय धरली होती, पण थेंबाभोवतीचा गोल लख्ख मोकळा होता.

"चंद्राला खळं पडल्यावानी दिसतंय!" गजराबाई म्हणाल्या.

"त्या खळ्यात एकही जंतू जगला नाही, मावशी. तुमच्या विरजणाने त्यांना फिरकूच दिलं नाही."

गजराबाईंनी ओले हात पदराला पुसले. लग्नात आईने दह्यात भिजवून वाळवलेलं फडकं ओटीत घातलं होतं, ते सासरी दुधात बुडवून लावलेलं हे विरजण. पोरांना दही कमी पडलं तरी त्यांनी रोज एक चमचा मागे ठेवला होता.

त्यांनी बशीला हात जोडले.

"चाळीस वर्सं मला वाटत व्हतं," त्या पुटपुटल्या, "मीच ह्येला सांभाळतीया."