रस्त्यापलीकडचा कापूस

प्रेरणा कापूस घेणाऱ्या कंपनीची तपासनीस होती. शेतात लहान मुलं राबतात का, ते पाहून मोबाइलमध्ये भरायचं. रोहणा गावातल्या एका शेतात तिला बारा वर्षांची हर्षा कापूस वेचताना दिसली. बोटं बोंडांनी ओरबाडलेली होती. “शाळेत काऊन नाई गेली?” प्रेरणाने विचारलं. आई जयवंता मध्येच म्हणाली, “भरू नोका मॅडम. मालक आमाले काढून टाकीन.” प्रेरणाने भरलं. तेच बरोबर होतं. कंपनीने ते शेत खरेदीच्या यादीतून काढलं, मालकाने मायलेकींना कामावरून. हर्षाच्या शाळेचं कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी रस्त्यापलीकडच्या शेतात प्रेरणाला ती पुन्हा वेचताना दिसली. हात न थांबवता हर्षा म्हणाली, “काही नाई होत मॅडम, इथला कापूस तुमच्या कंपनीत नाई जात.” प्रेरणाने मोबाइल उघडला. यादीत ते शेत नव्हतंच. मग ती पुढच्या शेताकडे निघाली.